कोंबडीच्या नाकाची उंची

आमच्या घरात मोठ्या माणसाला खरं सांगायचं नसतं. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी मल्हारला नाही म्हटलं असतं असं नाही. पण कागलहून म्हैसूरला येताना तोंडाला कुलूप तरी लावून आले असते.

झालं असं, की लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला सासऱ्यांनी मटण केलं. सणाचं मटण घरातल्या कर्त्या पुरुषानं करायचं, हा इथला रिवाज. पंगत बसली. सगळे माना डोलवत जेवत होते. मामंजींनी मला विचारलं, "कसं झालंय?" मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय, मामंजी." विचारलं म्हणून सांगितलं. पंगतीतले सगळे हात जागच्या जागी थांबले. पुढे शिमग्यापर्यंत मामंजींनी पातेल्याला हात लावला नाही.

सासूबाईंनी, म्हणजे सुमित्राबाईंनी, मला स्वयंपाकघरात ओढलं. "गोदा, ह्यांना असं कोणी सांगत नाही गं. सुम्ने जेवायचं आणि उठायचं." गोदा हे त्यांनीच लग्नात ठेवलेलं नाव. आणि 'सुम्ने' हा कानडी शब्द मी त्या दिवशी शिकले. गप, उगीच, मुकाट्यानं, काही न करता, सगळं त्यात येतं; अर्धं म्हैसूर या एका शब्दावर चालतं. मामंजींना पुन्हा कधी असं तोंडावर काही सांगणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं. मीही केलं. नवी नवरी होते, दुसरं काय करणार?

ही मंडळी म्हैसूरच्या जुन्या फौजेत आलेल्या मराठ्यांची. किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक. आडनाव कुठं तरी वाटेत पडलं, 'राव' तेवढं राहिलं. मराठी अजून घरात बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत कधी शिरलं ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. मामंजींचं नाव रणोजीराव. नोकरी घोडदळ पोलिसात. दसऱ्याला बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींचा खेळ होतो, त्यात ते तुफान नावाच्या घोड्यावर बसून भर वेगात जमिनीतला खुंटा भाल्याच्या टोकावर उचलायचे. निवृत्त झाले, घोडा सरकारचा, तो तिथंच राहिला. मग मामंजींनी आमच्या गच्चीवर कोंबड्या आणल्या.

कोंबड्या म्हणजे रस्सा करायच्या नव्हेत. प्रदर्शनातल्या. ब्रह्मा जातीच्या, अंगानं दांडग्या, पांढऱ्याशुभ्र, मानेवर काळी पिसं आणि पायांवर बोटांपर्यंत पिसं, पायजमा घातल्यासारखी. अंड्यांच्या नावानं ठणठणाट, पण रुबाब असा की शेजारची मांजरंसुद्धा बाजूनं जातात. सगळ्यात देखण्या कोंबड्याचं नाव अर्थातच तुफान. या पायांच्या पिसांमुळेच पिंजरा स्वच्छ ठेवणं हे मोठं काम. तूस जरा ओलं झालं की पिसं पिवळी पडतात, मोडतात, आणि प्रदर्शनात परीक्षक आधी पायच बघतात.

पिंजऱ्यांच्या बाबतीत मामंजी म्हणजे साक्षात तबेल्याचे हवालदार. खाली भाताचं तूस वीतभर जाड, रोज वरखाली केलेलं. पाण्याची भांडी चिंचेनं घासलेली. बसायच्या दांड्या काढून उन्हात उभ्या केलेल्या. कोपऱ्यांना चुना. पण खरी तपासणी वेगळीच. रोज सकाळी पासष्टीचा हा माणूस गच्चीवर गुडघे टेकायचा, मान खाली घालून पिंजऱ्याच्या दारात नाक न्यायचा आणि मोठा श्वास घ्यायचा.

"तबेल्यात पहिल्यांदा काय शिकवतात?" ते मला सांगायचे. "घोड्यावर बसायला? अल्ल, नव्हे! वाकायला शिकवतात. घोडा जिथं नाक ठेवून झोपतो तिथं तुझं नाक ने. तिथं तुला श्वास घ्यावा वाटला, तर तबेला स्वच्छ. उभ्या माणसाला काय कळतंय, मण्णांगट्टी?" मण्णांगट्टी म्हणजे मातीचं ढेकूळ, म्हणजे काही कळत नाही. कोंबडीचं नाक घोड्याच्या नाकापेक्षा बरंच खाली, म्हणून मामंजी बरेच खाली वाकायचे. मग उठून म्हणायचे, "चेन्नागिदे." छान आहे. दिवस सुरू.

मग तापाची ती साथ आली. घरातले सगळेच पडलो आणि उठलो, मामंजी मात्र पडले ते पडलेच. ताप गेला, तरी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. आत्याबाई (सासूबाईंना मी समोर आत्याबाई म्हणते) पदरानं डोळे पुसत फिरायच्या. कोंबड्यांचं मीच बघत होते, जमेल तसं. एका सकाळी मागून आवाज आला, "भांडं न घासता पाणी घालतेस?" बघते तर मामंजी गच्चीच्या दारात, चौकट धरून उभे. मला शिव्या द्यायला म्हणून तो माणूस अंथरुणातून उठला, जिना चढला आणि तिथून पुढे रोज चढू लागला. त्या दिवशी मला शिव्या खाऊन इतका आनंद झाला, की मी खाली येऊन रडले. एवढ्यासाठी सांगते, की या कोंबड्या घरात का हव्यात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

उन्हाळा बरा गेला. तूस कोरडं, हवा कोरडी. त्या वर्षी पाऊस मात्र हटेना. गौरी-गणपती झाले, दसरा झाला, तरी आभाळ फाटलेलंच. मामंजींनी पिंजऱ्यांभोवती ताडपत्री बांधली, ओल आत येऊ नये म्हणून. ओल यायची ती आलीच, आणि आतली हवा तेवढी बाहेर जायची बंद झाली. गच्चीवर वास सुटला.

कोंबडीच्या ओल्या घाणीचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही घेतला ते सुखी आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांना यायचा. जिन्यातून खाली यायचा. पाहुणा दारात चप्पल काढताना एकदम थांबायचा आणि मग 'काही नाही, काही नाही' करत आत यायचा. आणि मामंजी? रोज सकाळी गुडघे टेकून, नाक अगदी तुसाला लावून, "चेन्नागिदे!"

आता याला काय म्हणायचं? मल्हार म्हणाला, आजारानं अप्पांच्यात ताकद राहिली नाही, पूर्वीसारखं काम होत नाही आणि ते कबूल करायचं नाही, म्हणून असं म्हणतात. आत्याबाई म्हणाल्या, "मरणाच्या दारातून आलेत. तुमच्या हातनं होत नाही म्हणून सांगू काय त्यांना? बेडा, बेडा." मीही म्हटलं, खरंच नको. एकदा मिठाचं सांगितलं तर एवढं महाभारत. पिंजरा घाण आहे म्हणून सांगितलं तर हे पुन्हा भिंतीकडे तोंड करतील.

मग आमच्या घरानं म्हैसूरच्या माणसांनाच सुचेल असा उपाय केला. आम्ही उदबत्त्या लावल्या.

या गावात उदबत्तीचा तोटा नाही, गल्लीगल्लीत वळतात. आत्याबाईंनी आधी तुळशीपाशी चंदनाची एक लावली. मग जिन्यात एक. मग सरळ पिंजऱ्यांच्या तारांनाच जाई-मोगरा खोचायला सुरुवात झाली. मल्हारनं कामावरून येताना केवड्याचा पुडा आणला. शुक्रवारी सांब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर, मंगळवारी सांब्राणीचा धूर, पुढे पुढे वार बघायचंही सोडलं. गच्चीवर पाऊल टाकलं की देवळात आल्यासारखं वाटायचं, फक्त देवळाच्या मागे कुणी तरी उकिरडा केला आहे असं. आणि आम्ही सगळे वर गेलो की चेहरा असा सरळ ठेवायचो, जसा फोटो काढताना ठेवतात.

मला स्वतःचा राग यायचा. कारण माझी नोकरी काय? गोकुलममध्ये योग शिकायला परदेशातून माणसं येतात, त्यांच्यासाठीच्या एका गेस्ट हाउसात मी साफसफाईचं खातं बघते. हाताखालच्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, वासावर वास मारायचा नाही. कारण शोधायचं, काढायचं, पुसायचं, खिडकी उघडायची. सुगंधाच्या फवाऱ्याची बाटली मी कपाटात कुलपात ठेवते. आणि तीच मी घरी येऊन केवड्याची काडी पेटवत होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आम्ही कोंबडं धुरानं झाकत होतो.

व्हायचं ते झालं. कोंबड्या शिंकायला लागल्या. कोंबडी शिंकते तेव्हा मान झटकते, लहान मुलानं कडू औषध नाकारावं तशी. तुफानच्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसू लागला, तुरा फिका पडला, आरवणं घोगरं झालं. जानेवारीत प्रदर्शन होतं. तिथं दारातच जनावरांचे डॉक्टर प्रत्येक पक्षी बघतात. शिंकणारा, डोळ्यांत फेस असलेला पक्षी आत घेत नाहीत, दुसऱ्यांना लागण होईल म्हणून.

मामंजी हादरले. पाणी बदललं, दाणा बदलला. त्यांचे जुने सोबती नरसिंगराव, तेही घोडदळातले आणि आता कोंबड्या पाळणाऱ्या मंडळींचे अध्यक्ष, औषधाची बाटली घेऊन आले. गच्चीवर हा एवढा वास, एवढा धूर, त्यांनी मिशीसुद्धा हलवली नाही. 'रणोजी, थंडी लागलीय रे पक्ष्यांना,' म्हणाले आणि ताडपत्री आणखी घट्ट बांधून गेले. सभ्य माणूस, असं आम्ही म्हटलं.

औषधानं गुण आला नाही. एका संध्याकाळी जेवताना मामंजी ताटाकडे बघत म्हणाले, "रोग शिरलाय. माझ्या हातनं आता होत नाही. ह्या वेळी दारातून परत पाठवले, तर सगळे पक्षी सरगूरच्या एका शेतकऱ्याला देतो. पिंजरे भंगारात." जेवण झाल्यावर ते हात धुऊन खोलीत गेले आणि पलंगावर आडवे झाले. मी दारातून बघितलं. तोंड भिंतीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला वर गेले. हातातला चिमटा सटकून पिंजऱ्याखाली घरंगळला, म्हणून मी गुडघ्यावर बसून हात आत घातला. तोंड तुफानच्या तोंडासमोर आलं आणि मी श्वास घेतला.

डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाकात सुया टोचल्यासारखं झालं. उभं असताना मोगरा, केवडा, चंदन. आणि खाली, ताडपत्रीच्या आत, ओल्या तुसातून उठणारा तो झोंबरा वास आणि त्यात आमचा सगळ्यांचा धूर कोंडलेला. मला शिंक आली. माझ्यासमोर तुफाननं मान झटकली आणि तोही शिंकला. आम्ही दोघं एकाच कारणानं शिंकत होतो. रोग नव्हता, काही नव्हतं. आमच्या मानमर्यादेनं हे पक्षी गुदमरत होते.

मी खाली आले आणि आत्याबाईंना म्हटलं, "मी मामंजींना सांगणार आहे."

"गोदा, देवासमोर कबूल केलंयस."

"देवाला पण वास येत असेल आता. त्याच्या नावाच्या सगळ्या काड्या आपण कोंबड्यांना लावतोय."

त्यांनी माझा हात धरला. "ते परत झोपतील गं," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी उठले. ह्या वेळी उठले नाहीत तर?" मलाही तीच भीती होती, खोटं कशाला सांगू? पण मी हात सोडवला आणि वर गेले. मामंजी तेवढ्यात वर आले होते आणि नेहमीसारखे गुडघ्यावर बसून तुसाला नाक लावत होते.

"मामंजी," मी म्हटलं, "पिंजऱ्यांना वास येतोय."

ते उठले नाहीत. वळले पण नाहीत. "कसला?"

"घाणीचा. डोळ्यांत चुरचुरतो. खाली बसलं की जास्त."

"कधीपासून?"

"गौरी-गणपतीपासून."

आता ते वळले. मी ओरडा खायची तयारी करून उभी होते. पण ते नुसते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, काही तरी हरवलेलं शोधावं तसे. "तुझं तोंड तर सरळ असायचं गं," ते म्हणाले.

मला कळेना.

"मला वास येत नाही, गोदा," मामंजी म्हणाले. "तापापासून. कॉफीचा नाही, तुसाचा नाही, कशाचाच नाही. कोणाला सांगायचं? नाकावरच तर सगळं चाललेलं माझं. रोज वाकतो, श्वास घेतो, काही कळत नाही. मग तुम्ही वर येता की नाही, तेव्हा तुमची तोंडं बघतो. तू कपडे घालायला येतेस, मल्हार टाकी बघायला येतो, फुलं काढायला ही येते. कोणाचं नाक वाकडं होत नाही. म्हटलं, आयतु, झालं, स्वच्छ आहे."

हा माणूस आमच्या चेहऱ्यांवरून वास घेत होता, आणि आम्ही त्याच्याचसाठी चेहरे इस्त्री करून वर येत होतो.

"आणि हा धूर?" त्यांनी तारेतल्या उदबत्तीकडे बोट केलं. "हिनं एवढ्या काड्या का लावल्या?"

"वास झाकायला."

"हां." त्यांनी ती काडी बोटानं जराशी सरळ केली. "मला वाटलं माझ्या आयुष्यासाठी काही नवस बोललीय. बरं वाटायचं मला, धूर बघून."

जिन्याच्या तोंडाशी हुंदका ऐकू आला. आत्याबाई उभ्या होत्या. "नवस पण बोललेय," त्या रडत म्हणाल्या. "चामुंडीला. तो वेगळा."

मग मात्र मामंजी भडकले. उभे राहिले, चेहरा लाल झाला. "सांगितलं का नाही कोणी? माझे पक्षी मरेपर्यंत सुम्ने बसणार होता काय सगळे? मी काय वाघ आहे? खाणार होतो तुम्हाला?"

माझा पण तोल गेला. कागलचं पाणी शेवटी. "मिठाचं सांगितलं तर शिमग्यापर्यंत पातेल्याला हात लावला नाहीत!" मी ओरडले. "वासाचं सांगितलं असतं तर किती वर्षं अबोला धरला असता?"

शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं कपडे झटकायचे थांबवले. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मामंजी माझ्याकडे बघत उभे राहिले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मीठ खरंच जास्त होतं काय?"

"खारट होतं, मामंजी."

त्यांनी बायकोकडे बघितलं. आत्याबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याविरुद्ध मान हलवली. "खूप," त्या म्हणाल्या.

मामंजी हसले नाहीत. पण त्यांनी हात वर केला आणि तारेत खोचलेली उदबत्ती उपसून कुंडीतल्या मातीत विझवली. मग दुसरी. मग ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागले.

त्या दिवशी मी कामावर सुटी सांगितली, मल्हारला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं. पक्षी टोपल्यांखाली झाकून जिन्यात ठेवले. सगळं तूस उपसलं. वरून कोरडं दिसत होतं आणि खाली चिखल. मल्हारनं पोती भरभरून खाली नेली. मी पत्रे आणि जाळ्या गरम पाण्यानं आणि सोड्यानं घासल्या, आत्याबाईंनी दांड्या घासून उन्हात लावल्या, मामंजींनी चुन्याचा हात फिरवला. सांगायची सोय नाही इतका चिकट मळ होता. दुपारी ऊनही पडलं. पिंजरे कडकडीत वाळल्यावर नवं तूस पसरलं, आणि पुन्हा ताडपत्री बांधताना मामंजींनी वरून हातभर जागा मोकळी सोडली. मग ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, "वाक."

मी वाकले. कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर नाक नेलं. कोरड्या भाताचा वास होता, आणि चुन्याचा.

"चेहरा बघू नका," मी म्हटलं. "सांगते. स्वच्छ आहे. उजव्या हाताचा शेवटचा पिंजरा सोडून."

"अय्यो," मल्हार म्हणाला. तो त्यानं घासला होता.

शेवटचा पिंजरा पुन्हा घासला. त्यानंतर रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी वर जायचे आणि गुडघे टेकायचे. मामंजी मागे हात बांधून उभे राहायचे, परेडला असावेत तसे. मला कामावर लवकर जायचं असलं की मल्हार, तोही नसला की आत्याबाई. त्यांचे गुडघे दुखतात, तरी त्या एक फळी टाकून बसायच्या आणि 'मला तर येतोय हं' असं सांगताना त्यांना एवढा आनंद व्हायचा, की कधी कधी नसलेला वासही यायचा. पण कधी एकदाही मामंजींनी 'कशावरून?' विचारलं नाही. येतोय म्हटलं की तूस काढायला घ्यायचे. शिंका कमी होत गेल्या. तुफानचा तुरा लाल झाला आणि एका पहाटे तो असा खणखणीत आरवला, की शेजारच्यांनी पुन्हा तक्रार करायला सुरुवात केली.

प्रदर्शन गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयात होतं. सरगूरपासूनची माणसं पिंजरे घेऊन आली होती. दारात डॉक्टरांनी तुफानचे डोळे बघितले, छातीला कान लावला, चोच उघडून बघितली. मामंजी दुसरीकडे बघत होते, पण त्यांच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती. "आत घ्या," डॉक्टर म्हणाले. मामंजींनी टोपी डोक्यावर चढवली. आत जाताना एवढंच म्हणाले, "मल्हार, पुढच्या आठवड्यात नवीन तूस आणायला पाहिजे रे." मला पुरेसं होतं.

पिंजरे रांगेत लावले. आमच्या शेजारीच नरसिंगरावांचा कोंबडा. दोन्ही बाजूंना ओळखीची माणसं, निम्मे घोडदळातले, सगळ्यांच्या मिशा, सगळ्यांचा आब. परीक्षक रांगेच्या त्या टोकाला आले तेव्हा मामंजींनी खणखणीत आवाजात हाक मारली, "गोदा! इकडे ये गं. वाकून बघ, वास येतोय काय. मला नाक नाही."

रांगेतल्या माना वळल्या. मला त्यांच्या धाडसाचा इतका अभिमान वाटला, की क्षणभर हलताच येईना. मग मी भर लोकांत, जरीची साडी सावरत, गुडघे टेकले. श्वास घेतला.

"आपल्याला नाही, मामंजी," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण आता सवय लागली होती. "शेजारच्याला येतोय."

आत्याबाईंनी मला मागून असा चिमटा काढला, की त्याची खूण दोन दिवस राहिली. नरसिंगराव ताठ झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं आणि तरातरा निघून गेले. झालं, मी म्हटलं. एका घरातला अबोला संपवला आणि दुसऱ्याला सुरुवात करून दिली.

तुफानला दुसरा नंबर मिळाला. पायांची पिसं अजून पुरती सुधारली नव्हती, परीक्षकांनी तसं सांगितलं, आणि मामंजींनी ते मान हलवून ऐकून घेतलं. दुपारी गर्दी पांगली, मी पाण्याचं भांडं बदलत होते, तेव्हा नरसिंगराव परत आले. हातात कॉफीचा पेला होता. पीत नव्हते. पेला नाकाजवळ धरून उभे होते.

"रणोजी," ते मामंजींना हळूच म्हणाले. "परत येतो काय रे कधी?"

मामंजींनी पेल्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. "काही जणांना येतो म्हणतात. मला नाही आला."

"मग?"

"मग काय," मामंजी म्हणाले. "विचारायचं."

नरसिंगरावांनी पेला खाली ठेवला. बराच वेळ ते मिशीवरून हात फिरवत राहिले. त्यांच्या घरी दोन सुना आहेत, तीन मुलगे, नातवंडं, आणि त्यांतलं कुणी त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. मग ते माझ्याकडे वळले. "बाळ," ते म्हणाले, "मघाशी म्हणालीस ते. कुठला कोपरा?"

मी त्यांच्या पिंजऱ्यापाशी वाकले. एका बाजूला मामंजी गुडघ्यावर बसले, दुसऱ्या बाजूला कुरकुरत नरसिंगराव. "पाण्याच्या भांड्याखाली," मी म्हटलं. "तिथलं तूस काढा आधी." नरसिंगरावांनी बाही वर केली आणि हात आत घातला.